अस्वल आणि म्हातारी

बन्सीधरने इंग्रजी मासिक मांडीवर पसरलं आणि ओळीतल्या चार चित्रांपैकी अगदी उजवीकडच्या चित्रावर बोट ठेवलं. निजामाच्या रेल्वेत तो पूर्णा जंक्शनच्या मालधक्क्यावर कारकून. कुणी गोरा साहेब डब्यात विसरून गेलेलं ते मासिक त्याने लेकीसाठी, कावेरीसाठी, घरी आणलं होतं. इंग्रजी येतं कुणाला! चित्रं बघायची आणि सांगायचं.

“हे बघ अस्वल. कोट घातलाय त्यानं. चुलीपाशी बसून म्हातारीला दूध पाजायलाय.”

कावेरी खुदकन हसली. शेंगा फोडता फोडता बन्सीधरच्या आत्या, धुरपताबाई, जवळ सरकल्या. अस्वल मोठं गुणी दिसत होतं.

“मग त्यानं म्हातारीला उचललं, दाराभाईर काढलं. ही बघ वाट, सगळी बर्फाची. आन् शेवटी…” बन्सीधर थबकला. शेवटच्या चित्रात म्हातारी झाडाखाली एकटीच पडलेली आणि अस्वल लांब टेकडीवर, ठिपक्याएवढं. “शेवटी तिला टाकून निघून गेलं.”

“असं कसं?” कावेरी रडवेली झाली. “ते तर चांगलं होतं नं!”

धुरपताबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. भावजय बाळंतपणात गेली तेव्हा चार दिवसांच्या बन्सीला पदराखाली घेऊन त्या या घरात राहिल्या, त्याला आता तीस वर्षं झाली. महिन्याभरापासून मात्र त्या चुलीपाशी गेल्या की सून कमलचं बन्सीशी चाललेलं बोलणं मधेच तुटायचं. पोराला तोंडाने सांगवेना म्हणून गोष्टीतून सांगितलं, दुसरं काय! त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बन्सीधर कामावर गेल्यावर त्यांनी दोन लुगडी, जपमाळ आणि तांब्या बोचक्यात बांधला आणि ओसरीवर येऊन बसल्या. कुणी जा म्हणण्याआधी आपणच निघावं, एवढा ताठा अजून शिल्लक होता.

पण पाय उचलेना. दुपारी बन्सीधर परतला तो हसतच.

“आत्या, फजिती झाली बघा! टेसनमास्तरांना ती गोष्ट सांगितली, तर पोट धरून हसले. मी सारा उर्दू शाळेत शिकलेला, उजवीकडून सांगत गेलो. इंग्रजी डावीकडून असतंय! म्हातारी बर्फात पडलेली असती, अस्वल लांबून येतंय, तिला उचलून घरी आणतंय, दूध पाजतंय. लय मायाळू अस्वल हाय!”

धुरपताबाईंना हुंदकाच फुटला. रडता रडता त्या हसल्याही. काय मेलं हे मन, लेकरावर केवढा वहीम घेतला! त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे गाल कुरवाळले.

तेवढ्यात त्याची नजर बोचक्याकडे गेली. हसू मावळलं. मग त्याने मोठा सुस्कारा सोडला.

“कमलनं सांगितलं व्हय तुमाला? बरं झालं. माझ्या तोंडून निघतच नव्हतं, आत्या. गंगाखेडचा माझा चुलतभाऊ, मुंजाजीदादा, तुमाला ठेवून घ्यायला कबूल झालाय. चारची गाडी हाय.”

धुरपताबाईंचे हात अजून त्याच्या गालांवरच होते.