टेकडीला वळसा

तळ्याकाठच्या जंगलात पळायला येणाऱ्या माणसांबद्दल दुर्गाबाईचं जे मत पहिल्या रविवारी झालं, ते पुढे कधी बदललं नाही. धडधाकट माणसं मोटारीतून जंगलापर्यंत यायची, तिच्या शेळ्यांच्या वाटेवर मोटारी आडव्या लावायची आणि मग मागे कुत्रं लागल्यासारखी सुटायची. पळून झालं की पुन्हा मोटारीत बसून लिफ्टच्या इमारतीत जायची. "दोन मजले चढायला ह्यांना यंत्र लागतं," ती म्हणायची, "आन् पळायला माझं रान."

माझं रान असं ती उगाच म्हणत नसे. जंगल आहे ती तळ्यावरची टेकडी पंचवीस वर्षांपूर्वी बोडकी होती. वनखात्याच्या रोजंदारीवर दुर्गाबाईनं आणि गावातल्या वीसेक बायकांनी तिच्यावर उताराला आडवे, गुडघाभर खोल चर खणले. वरून येणारं पाणी त्या चरांत अडायचं, मुरायचं, आणि माती तळ्यात जायची नाही. चरांच्या कडेनं करंज, शिरीष, गिरिपुष्प लावलं. दोन उन्हाळे तळ्यातून कळशा भरून वर नेल्या. तिची जोडीदारीण सोजरबाई खणता खणता उन्हानं कोसळली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कुदळ घेऊन हजर झाली. असं ते जंगल.

मग गाव महापालिकेत गेलं आणि शेतांवर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आल्या. नवऱ्यानं, रंगरावानं, जमीन विकून जीप घेतली, हातात सोन्याचं कडं घातलं आणि ती जीप उलटवूनच वारला. मुलगा जयसिंग त्यातल्या त्यात बरा. त्यानं उरलेल्या गुंठ्यात तीन मजले चढवले, खोल्या कंप्युटरवाल्या पोरापोरींना भाड्यानं दिल्या आणि खाली नाश्त्याचं दुकान टाकलं. भाडेकरूंना तो 'सर' म्हणायचा. ते ऐकलं की दुर्गाबाई पदरानं तोंड पुसायची, जणू काही उडालंय तोंडावर.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी ती शेळ्यांना पाला आणायला टेकडीवर गेली आणि जागच्या जागी थांबली. माथ्यापासून तळ्यापर्यंत झुडपं तोडून नाकासमोर सरळ पट्टा काढला होता. चार गडी चरांमध्ये दगड टाकत होते. तिच्या डोळ्यांदेखत पाच चर बुजले होते, सहावा अर्धा झाला होता. पळणाऱ्यांना वाट कळावी म्हणून दोन्ही बाजूंच्या झाडांना नारिंगी रिबिनी बांधल्या होत्या.

"कुनी सांगितलं रं हे?" तिनं गड्यांना विचारलं.

एका गड्यानं हनुवटीनं दाखवलं. अर्धी चड्डी, मनगटावर डबीएवढं घड्याळ आणि तोंडावर कायमचं हसू घातलेला एक तिशीतला माणूस पुढे आला. त्याचं नाव सार्थक. उद्याच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीचा हाच कर्ताधर्ता.

"मावशी, नमस्कार! उद्या इथे चारशे रनर येणार आहेत. टेक्निकल डिसेंट, म्हणजे अवघड उतार आहे हा. एकदम थ्रिलिंग."

"चर का बुजवले?"

"कुणाचा पाय मुरगळायला नको ना."

"पाय मुरगळत असंल तर घरी पळा, गच्चीवर. हितनं पानी सरळ खाली येईल, माती घिऊन. दोन पावसाळ्यांत घळ पडंल."

सार्थकनं मान हलवली. ऐकून घेतल्यासारखं दाखवायची त्याला कंपनीत सवय झाली असावी. "मावशी, आम्ही पण नेचर लव्हरच आहोत. रेसनंतर शंभर झाडं लावणार आहोत."

"जानेवारीत? पानी कोन घालनार त्यांना?"

"ते बघू. आणि घाबरू नका, हे जंगल हजारो वर्षं टिकलंय."

दुर्गाबाईनं त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. तो जन्मला तेव्हा ह्या टेकडीवर बोरीचं झुडूपसुद्धा नव्हतं. पण असल्या माणसाला सांगायचं तरी काय! ती पाला न घेताच परतली.

घरी जयसिंग पोत्यानं कांदे निवडत बसला होता. तिनं सगळं सांगितल्यावर तो हात जोडून म्हणाला, "आई, उद्या तू काय बोलू नगं. समद्यांचे पोहे आपल्याकडं हायेत. वनखात्याच्या गार्डसाहेबांनी परवानगी दिलीया, नगरसेवक झेंडा दाखवनार हायेत."

"झेंडा दाखवाया अक्कल लागत न्हाई म्हना."

"आई!"

"न्हाई बोलत," ती म्हणाली. आणि शब्द पाळला. बोलली काहीच नाही. पहाटे पाचला कोयता कमरेला लावून ती टेकडीवर गेली. माथ्यावर पट्टा सुरू होतो तिथे तिनं बाभळीच्या फांद्या रचल्या. मग सगळ्या रिबिनी एकेक करून सोडल्या आणि डाव्या हाताच्या जुन्या वाटेवर बांधत गेली. ही वाट गार्डांच्या फेरीची. ती चरांना कुठेच न छेदता टेकडीला वळसा घालून तळ्यावर उतरायची. जरा लांबची होती एवढंच. उजाडता उजाडता शेवटची गाठ मारून ती खाली आली आणि शर्यत संपते तिथे मांडलेल्या जयसिंगच्या पोह्यांवर कोथिंबीर चिरायला बसली.

पहिला पळणारा आला तो रेषा ओलांडून आनंदानं हात वर करण्याऐवजी घड्याळाकडे बघून किंचाळला. "इलेव्हन पॉइंट फाइव्ह!" मागून येणारा प्रत्येक जण तेच करू लागला. दहाऐवजी साडेअकरा किलोमीटर पळायला लागलं म्हणून मोठमोठी माणसं रडकुंडीला आली. कुणाचा विक्रम हुकला होता, कुणाची वर्षाची मेहनत वाया गेली होती. एकानं तर पदक उचलून टेबलावर आदळलं. पळायलाच आलेली माणसं जास्त पळाल्याबद्दल भांडतायत, हे बघून दुर्गाबाईला कोथिंबीर बाजूला ठेवावी लागली. इतकी ती आत्तापर्यंत कधी हसली नव्हती.

सार्थकच्या तोंडावरचं हसू मात्र गेलं होतं. तो जयसिंगवर धावून आला. "तुमच्या गावातल्या लोकांनी सॅबोटाज केलंय! मी पोलिसात जाईन!"

"सर, गावातलं कोन असं—"

"मी बांधल्या रिबिनी," दुर्गाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "जा पोलिसात. चर सरकारी हायेत. कुनी बुजवले तेबी सांग जाऊन."

सार्थकनं हातातला फोन पुन्हा खिशात टाकला. जयसिंगनं झारा परातीत टाकला आणि आईकडे पाठ केली.

तेवढ्यात शेवटची पळणारी आली. पळणारी कसली, चालतच होती, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून साठीचे एक गृहस्थ लंगडत होते. ती रुपाली, जयसिंगच्याच इमारतीतली दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू, मूळची यवतमाळची.

"काकांच्या पोटरीत गोळा आला, टेकडीच्या मागं," ती धापा टाकत म्हणाली. "तिकडे पाणी नाही, माणूस नाही. अर्धा तास बसून होते ते."

दुर्गाबाईचा विळीवरचा हात थांबला. पाण्याची टेबलं आणि डॉक्टरची गाडी सरळ उताराच्या पायथ्याशी होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती उठली, तांब्याभर पाणी आणून तिनं त्या गृहस्थांना पाजलं. मग रुपालीला विचारलं, "एवढी मानसं त्याच वाटंनं आली न्हवं? कुनी थांबलं न्हाई?"

"नाही जी. थांबलं तर टायमिंग जाते न."

दुर्गाबाईनं वळून त्या सगळ्या घोळक्याकडे पाहिलं. अजूनही घड्याळं एकमेकांना दाखवणं चाललं होतं. तिला आता हसू आलं नाही. ती पचकन बाजूला थुंकली आणि टेकडीकडे चालू लागली.

पुढचे आठ दिवस ती चरांतले दगड काढत होती. जयसिंग तिच्याशी बोलत नव्हता. चिडलेले लोक न खाताच गेल्यानं पोहे अर्धे वाया गेले होते आणि नगरसेवकानं त्याला सुनावलं होतं. रविवारी रुपाली पळायचे बूट घालून वर आली आणि म्हणाली, "आजी, मी काढू का?"

"कुदळ धरता येती?"

"गावी धरली आहे."

तिनं धरली ती चुकीचीच. दुर्गाबाईनं सांगितलं नाही, बघत राहिली. तासाभरात पोरीच्या तळव्यांना फोड आले, तरी दुपारपर्यंत एक चर मोकळा झाला. "आमच्या सोजरनं ह्येवढ्या वेळात तीन केले असते," दुर्गाबाई म्हणाली आणि आपली भाकरी अर्धी तोडून तिला दिली.

पुढच्या वर्षी शर्यत तिथे झाली नाही. पोहे विकायला गिऱ्हाईक नाही म्हणून जयसिंग कुरकुरला, तेव्हा रुपालीनं सांगितलं की सार्थकनं खडकवासल्याच्या बाजूला दुसरी टेकडी शोधलीय, ह्याहून उभी. दुर्गाबाई शेळीचं दावं सोडत होती.

"तिथंबी चर असतील," ती म्हणाली. "कुन्या बायांनी खनले, ठावं न्हाई."

आणि शेळ्या पुढे घालून ती टेकडीकडे निघाली.