हात लावल्याशिवाय न लागणारा दिवा

त्या दिवसांत चष्मेवाल्याच्या घरी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची. जिन्याच्या पायऱ्यांवर चपला-बुटांचा खच, आणि आत दिवाणखान्यात माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंच करून बघत असायची. बघायचं काय, तर कोपऱ्यातल्या स्टीलच्या स्टुलावर ठेवलेला एक जुना पितळी टेबललॅम्प. स्टुलाच्या पायांभोवती जमिनीपर्यंत जांभळं कापड सोडलेलं, आणि शेजारच्या गुबगुबीत खुर्चीत दीपगुरू. अंगात पांढरा झगा, पाय अनवाणी, दोन्ही हात छताकडे.

हा दिवा हात लावला की लागायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. तसे दिवे बाजारात ढिगाने मिळतात. नवल हे होतं, की दीपगुरूंसाठी तो हात न लावताच लागायचा.

"अज्ञानी माणूस बटण दाबतो," दीपगुरू डोळे मिटून सांगत. "अर्धज्ञानी हात लावतो. ज्ञानी फक्त इच्छा करतो. विश्वातली सूक्ष्म ऊर्जा आधी सहस्रारात, मग बोटांच्या टोकांशी, मग थेट फिलामेंटमध्ये. विचारा प्रश्न. होकार असेल तर प्रकाश, नकार असेल तर अंधार."

लोक विचारायचे. नोकरी लागेल का, घर विकावं का, सुनेशी पटेल का. एकाची स्कूटर चोरीला गेली होती. सापडेल का म्हणून त्याने विचारलं आणि दिवा लख्ख लागला. स्कूटर काही सापडली नाही, पण दिव्याने हो म्हटलंय म्हटल्यावर तो गडी पोलिसांकडे जायचाच बंद झाला.

चष्मेवाल्यानेही एक प्रश्न विचारला होता. त्याच्या आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची तारीख ठरली होती. करावं का आत्ता? दिवा अंधारातच राहिला. दीपगुरूंनी खेदाने मान हलवली. चष्मेवाल्याने तारीख रद्द केली. दिवसभर दुकानात लोकांच्या नजरा तपासणारा हा माणूस, घरी आला की आईच्या डोळ्यांसाठी दिव्याचा कौल घ्यायचा. आई बिचारी दारं चाचपत फिरायची. एकदा चहा कपाऐवजी स्वतःच्या हातावर ओतून बसली.

आणि मग एके दिवशी चमत्कार बंद पडला.

या सगळ्यातलं अवाक्षरही भंगारराणीला ठाऊक नव्हतं. हे नाव तिच्या दिराने ठेवलेलं, आणि तिने ते आवडीने मिरवलेलं. घरं बदलणाऱ्या लोकांकडून जुन्या वस्तू घ्यायच्या, घासूनपुसून दुरुस्त करायच्या, खिडकीपाशी उजेडात फोटो काढायचे आणि जुन्या सामानाच्या ॲपवर विकायच्या, हा तिचा उद्योग. मागची खोली मिक्सर, पंखे, पाळणे आणि आरशांनी भरलेली. तिच्या जाहिराती लोक मजेने वाचत, कारण ती वस्तूचा दोष आधी सांगायची. पितळी दिव्याबद्दल तिने लिहिलं होतं: हात लावला की लागतो, पुन्हा लावला की विझतो, तळाला चिकटवलेलं कापड झिजलं आहे, पोचा एक आहे पण मागच्या बाजूला.

तो दिवा विकून कितीतरी महिने झाले होते. तक्रारीची मुदत केव्हाच उलटली होती. तेव्हा एका सकाळी चष्मेवाल्याचा मेसेज आला. तिने तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि नवऱ्याला हाक मारली.

"ऐका हो. म्हणे, वस्तू सदोष आहे. दिवा हात लावल्याशिवाय लागत नाही. पैसे परत करा."

नवरा दाढी करत होता. तो इतका हसला की फेस आरशावर उडाला. पण हसू फार टिकलं नाही. दुपारपर्यंत ॲपवरच्या तिच्या पानावर अनोळखी लोकांचे शेरे पडायला लागले. ही बाई वस्तूतली शक्ती काढून घेते. हिच्याकडून काही घेऊ नका. एका पाळण्याचं ठरलेलं गिऱ्हाईक परत फिरलं. वर्षानुवर्षं जपलेलं नाव असं धुळीला मिळत होतं.

नवऱ्याला भांडणाचं वावडं. त्याचं म्हणणं, देऊन टाक पैसे आणि मोकळी हो. तिने एक झणझणीत उत्तर लिहून काढलं, मोठ्याने वाचलं, आणि पुसून टाकलं. इतक्या वर्षांच्या विक्रीत ती एवढं शिकली होती, की उशिरा आलेल्या तक्रारीला लगेच भांडायचं नाही आणि लगेच नमायचंही नाही. आधी विचारायचं. वस्तू शेवटची नीट कधी चालली? नेमकं काय होईनासं झालं? आणि त्याच्या आधी काय बदललं? बिघाड सहसा या तिसऱ्या प्रश्नात सापडतो. मिक्सर बंद पडतो तो खोली बदलल्यावर, कारण नव्या खोलीतला सॉकेट ढिला असतो.

तिने हेच तीन प्रश्न अगदी गोड भाषेत चष्मेवाल्याला पाठवले. उत्तर सविस्तर आलं. हात न लावता दिवा कसा लागायचा, गर्दी कशी जमायची, सगळं. दीपगुरू काही दिवस परगावी गेले आणि परतले तर दिवा त्यांना जुमानेना. मूळ मालकिणीने शक्ती ओढून घेतली, असं त्यांचं निदान होतं. आता ते स्वतःच दुसरा, जागृत दिवा आणून देणार होते, त्याच्या खास लोखंडी आसनासकट. किंमत बरीच होती, म्हणून हे पैसे परत हवे होते. आणि बदललं म्हणाल तर काहीच नाही, उलट एका भक्ताने दिव्याला सुंदर कोरीव लाकडी चौरंग भेट दिलाय.

भंगारराणी त्या शेवटच्या वाक्यावर थबकली. याला हा माणूस काहीच नाही म्हणत होता.

तिने कळवलं, मी स्वतः येऊन दिवा बघते, दोष माझा निघाला तर पैसे हातात ठेवून जाईन.

ती मुद्दाम वेळेआधी पोहोचली. चष्मेवाला दुकानातून यायचा होता. दार त्याच्या आईने उघडलं, आणि पाहुणी भिंतीला टेकून उभी असताना दाराच्या चौकटीलाच या बसा म्हणाली. भंगारराणीने म्हातारीचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं. ऑपरेशन का लांबलं तेही तिला तिथेच कळलं, आणि आतापर्यंत गमतीचं वाटणारं प्रकरण गमतीचं राहिलं नाही.

चौरंग खरंच देखणा होता. तिने दिव्याला हात लावला, लागला. पुन्हा लावला, विझला. दिवा ठणठणीत होता. जुनं स्टीलचं स्टूल कुठे गेलं म्हणून विचारलं, तर ते बाल्कनीत कुंड्यांखाली गेलं होतं.

"आई, चमत्कार व्हायचा तेव्हा तुम्ही कुठे बसायचात?"

"ही काय, इथेच. स्टुलाला चिकटून. बाकी कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत ते, मंडल भंगतं म्हणून. मला सारखं उठून बसता येत नाही म्हणून राहू दिलं."

"तुम्हाला काय दिसायचं?"

"मला कुठलं दिसतंय, बाई? उजेड आला की सगळे आ करायचे, त्यावरून कळायचं." म्हातारी जरा खाली झुकली. "पण एक सांगू? त्या गुरुजींचा पाय काही स्थिर नसतो. दिवा लागायच्या आधी दर वेळी माझ्या शालीला घासून त्या कापडाखाली जायचा. मला वाटलं, संधिवात असेल."

भंगारराणी उठली. मग तिने बाल्कनीत जाऊन कुंड्या उतरवल्या आणि स्टूल ओल्या फडक्याने पुसून काढलं.

संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली. शक्ती चोरणारी बाई माफी मागणार, अशी बातमी पसरली होती. चौरंग देणारा लाकडाचा व्यापारी पुढेच बसला होता. दीपगुरू आले, खुर्चीत स्थिरावले आणि करुणेने तिच्याकडे पाहत म्हणाले, की विक्रीच्या वेळी मनात लोभ असला की वस्तूची नाडी गोठते, त्यात या माउलीचा दोष नाही, कलियुगाचा आहे.

ती नम्रपणे म्हणाली की असेलही. फक्त एक विनंती आहे. तक्रार आली की मी वस्तू आधी जुन्या जागी ठेवून बघते. तेवढं करू द्या.

स्टूल बाहेर आलं तसा दीपगुरूंचा चेहरा बदलला. दिव्याला आता उच्चासनाची सवय झाली आहे, त्याला खाली उतरवणं म्हणजे भक्ताच्या दानाचा अपमान, असं ते घाईघाईने सांगू लागले. पण व्यापारी म्हणाला, माझा काही अपमान होत नाही, होऊन जाऊ दे.

दिवा स्टुलावर गेला. जांभळं कापड पायांभोवती सोडलं गेलं. भंगारराणी गुरूंच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसली, दोन्ही हात छताकडे केले आणि डोळे मिटले.

दिवा लागला.

तिने हात तसेच वर ठेवून तो विझवला, आणि पुन्हा लावला.

दीपगुरू ताडकन उभे राहिले. "पाहिलंत? पश्चात्ताप झाला आणि हिने ओढलेली शक्ती परत सोडली. आता दिवा पुन्हा जागृत आहे."

लोक माना डोलावू लागले. भंगारराणीच्या मनात आलं, एवढं दाखवूनही डाव उलटतोय की काय. मग तिने शांतपणे जांभळं कापड उचलून बाजूला केलं. तिच्या उजव्या पायाचा अंगठा स्टुलाच्या पायाला टेकलेला होता. तिने अंगठा उचलला, टेकवला. दिवा विझला. उचलला, टेकवला. दिवा लागला.

मग तिने समजावून सांगितलं, गिऱ्हाइकाला मिक्सरची भांडी समजावावीत तसं. या दिव्याच्या आत एक छोटं सर्किट असतं. माणसाचं शरीर धातूला लागलं की त्याला ते जाणवतं आणि ते दिवा लावतं. याच्या तळाचं कापड झिजलेलं आहे, म्हणून पितळ थेट स्टीलवर बसतं. दोन्ही धातू एकमेकांना लागले की स्टूलसुद्धा दिव्याचंच अंग होतं. मग दिव्याच्या डोक्याला हात लावा नाहीतर स्टुलाच्या पायाला अंगठा, त्याला सारखंच. लाकडातून हे जात नाही. म्हणून चौरंग आला आणि चमत्कार गेला. नव्या दिव्याला लोखंडी आसन का हवं होतं, तेही आता तुम्हीच समजून घ्या.

दीपगुरू म्हणाले, तिचं विज्ञान तिच्यापाशी, आमची ऊर्जा वेगळी.

तेव्हा लाकडाचा व्यापारी उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"मग सोपं आहे, गुरुजी. दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घाला आणि लावा दिवा. लागला तर मी तुम्हाला आणखी एक चौरंग देतो."

सगळी खोली त्या पायांकडे बघू लागली. आजवर कुणी तिकडे पाहिलंच नव्हतं, सगळे वर गेलेल्या हातांकडे बघत आले होते. दीपगुरूंनी घड्याळ पाहिलं. त्यांना कुणाच्या तरी घरी तातडीने पोहोचायचं होतं. जाताना वाट करून द्यायला लोक बाजूला सरकले, पण पाया पडायला कुणी वाकलं नाही.

मग जी काही जत्रा झाली ती सांगता सोय नाही. जो तो अंगठा लावून बघतोय. स्कूटरवाल्याने एकट्याने इतक्यांदा दिवा लावला की त्याला ओढून बाजूला करावं लागलं. नंतर तो गंभीर झाला आणि पोलीस चौकी किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचारू लागला.

चष्मेवाला मात्र भिंतीपाशी मान खाली घालून उभा होता. भंगारराणी त्याच्याजवळ गेली. त्याला तिथे सुनावण्याची तिची इच्छा नव्हती, पण जे म्हणायचं होतं ते तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"दादा, दिवा लागेनासा झाला तेव्हा तुम्ही लगेच तक्रार केलीत. कारण हवं होतं तुम्हाला, आणि ते बरोबरच आहे. पण तो लागत होता तेव्हा का नाही विचारलंत? बिघाडाचं कारण शोधतो तसं नवलाचंही शोधावं. आपल्याला आवडलेल्या गोष्टीचं तर आधी शोधावं."

त्याने मान डोलावली. तक्रार त्याने तिथेच मागे घेतली, आणि त्या शेऱ्यांखाली काय घडलं ते स्वतःच्या नावाने लिहिलं. पाळण्याचं गिऱ्हाईक परत आलं. दिवा परत घेऊ का म्हणून तिने विचारलं, तर आई म्हणाली, राहू दे, रात्री उठायला बरा पडतो, नुसतं स्टूल चाचपलं तरी लागतो.

ऑपरेशनची तारीख नव्याने मिळाली. भंगारराणी फळं घेऊन भेटायला गेली तेव्हा म्हातारी खिडकीशी बसून समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग मोठमोठ्याने सांगत होती. शेजारची एक बाई आली होती. तिने दबक्या आवाजात विचारलं, ऑपरेशनच्या आधी दिव्याला एकदा विचारलं होतं ना?

"नाही," म्हातारी म्हणाली. "डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, तपासलं आणि मग सांगितलं. दिव्याने कधी बघितलं होतं का माझ्या डोळ्यांत? जो बघत नाही त्याला काय विचारायचं?"