खंडेनवमीचं तेल

शनिवारी मारुतीला तेल वाहणारे लोक रग्गड आहेत. मीही वाहतो. पण कॅमेऱ्याला तेल वाहणारा भक्त चाळीस वर्षांच्या दुकानदारीत मला एकच भेटला, तो म्हणजे नागपूरच्या महाल भागातले मनोहरराव.

सीताबर्डीवर कॅमेरे दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. आता रीळवाले कॅमेरे राहिले नाहीत, तेव्हा गिऱ्हाइकापेक्षा कीर्तनाच्या जुन्या कॅसेटींचीच तिथे जास्त वर्दळ असते. दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील, मनोहरराव रेशमी सोवळ्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले आणि नैवेद्याचं ताट ठेवावं तसं काउंटरवर ठेवलं. आत त्यांच्या काकांचा घडीचा जर्मन कॅमेरा होता. झाकण उघडलं की चामड्याचा भाता बाहेर येतो, तसला. भात्याच्या घडीत तांदळाचे दोन दाणे होते. अक्षता. तिथेच मला पुढचं सगळं कळायला हवं होतं.

तक्रार अशी, की बटण दाबलं की शटर अर्धं उघडतं आणि तसंच राहतं. मी पुढची काच फिरवून काढली. आत ब्लेडपेक्षा पातळ अशी पोलादाची पाच पाती असतात. बटण दाबलं की ती डोळ्याच्या पापणीसारखी उघडतात आणि मिटतात. ती कोरडी ठणठणीत लागतात. इथे त्यांच्यावर तपकिरी चिकटा बसला होता आणि त्याला हळदीचा वास येत होता.

कोणत्या गाढवानं यात तेल घातलं, असं मी विचारलं. मनोहरराव ताठ बसून म्हणाले, की ते स्वतः घालतात. दर खंडेनवमीला. घरच्या शिलाई मशीनला, अडकित्त्याला, स्कूटरला जसं हळदकुंकू आणि तेल, तसंच याला. सुईच्या टोकानं, बरोब्बर तोंडात.

"एक थेंबच टाकतो गा," ते म्हणाले. "अवजार आहे. अवजाराले तेल नको?"

"थेंब एक, पण वर्षं पन्नास. एवढ्या तेलात भजी तळून झाली असती."

कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलेला माणूस. हाताखालच्यांना टोचून बोलायची सवय, ऐकून घ्यायची नाही. पण त्या दिवशी मी सोडलं नाही. पाती कोरडी असतील तरच एकमेकांवरून सरकतात, तेल लागलं की ओल्या कागदांसारखी चिकटतात, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. हा शनिमहाराज नव्हे, हेही सांगितलं. भक्ती करायची तर आधी देव कोणता आहे तेवढं तरी बघावं, असंही म्हणालो. ते खाली मान घालून ऐकत होते. सगळं बोलून झाल्यावर मनोहररावांनी खिशातून एक फोटो काढून माझ्यापुढे सरकवला.

अडुसष्ट सालचा. महालातल्या राममंदिरात बावीस वर्षांची एक मुलगी उभी, हातात झांज, उजवा हात वर. मी ओळखलं. तुळसाबाई. नागपुरात ज्यांचं कीर्तन चुकवलं की मला आठवडाभर अन्न गोड लागत नाही, त्या. मनोहररावांची ही थोरली बहीण. तिचं ते पहिलं कीर्तन, आणि फोटो याच कॅमेऱ्यानं त्यांनी काढलेला.

"ताई आता थांबणार," ते म्हणाले. "कार्तिकातल्या उत्सवाचं हे शेवटचं. चार दिवस आहेत. तोच कॅमेरा, तीच जागा, एक फोटो पाहिजे मले."

मोबाइलवर काढा म्हणायची सोय नव्हती. तुळसाबाई कीर्तनात मोबाइल वर करू देत नाहीत. मागच्या वर्षी एका गृहस्थानं केला, तर निरूपण थांबवून त्यांनी विचारलं होतं, की देवापुढे हात जोडताना खांदा दुखतो म्हणत होतात, तो बरा झाला वाटतं. या कॅमेऱ्याला मात्र त्यांची परवानगी होती. तो एकदाच आवाज करतो आणि गप्प बसतो, म्हणून.

मी कामाला लागलो. लायटरचं पेट्रोल ब्रशानं पात्यांवर सोडायचं, शटर शंभरदा उघडायचं-मिटायचं, सुटलेला मळ टिपकागदानं टिपायचा. संध्याकाळी पाती चकचकीत झाली. सकाळी पुन्हा चिकटली. मागे दडलेलं तेल रात्रीतून सरकून पुढे आलं होतं. पन्नास वर्षांची भक्ती अशी एका आंघोळीत जात नाही. तीन दिवस हेच चाललं, आणि मनोहरराव रोज येऊन स्टुलावर बसायचे आणि रोज माझ्याकडून ऐकून घ्यायचे. चौथ्या दिवशी शटर सुटलं. एका सेकंदाची गती मी घड्याळावर तपासली नाही. तुळसाबाईंच्या झांजेचा संथ ठेका मनात धरला. बरोबर बसली.

कॅमेरा हातात देताना पाहिलं, तर त्यांचे हात थरथरत होते. मी तो परत घेतला. फोटो मी काढतो म्हणालो. नको, मीच काढतो म्हणाले. तुमच्या हातांना तेल घालणं तेवढं जमतं, असं मी बोलून गेलो. त्यांनी हात मागे घेतले.

संध्याकाळी मंदिरात मी खांबाला टेकून जागा धरली. भाता उघडला, अंतर लावलं, शटरची कळ चढवली, आता फक्त बटण दाबायचं होतं. मनोहरराव शेजारी मांडी घालून. मी त्यांना ऐकवलं, की पन्नास फोटो काढायचे आणि त्यातला एक निवडायचा ही अडाण्यांची रीत. जाणता माणूस एकच काढतो, पण नेमका. पूर्वरंग झाला, तुळसाबाईंना हार घातला, सगळ्यांना बुक्का लागला. मी उजवा हात वर जायची वाट पाहत होतो.

उत्तररंगात त्यांनी एका माणसाची गोष्ट लावली. घरी देव येणार म्हणून तो तीन दिवस अंगण झाडतो, देव येऊन दारात उभा राहतो, आणि हा त्यालाच म्हणतो, बाबा, जरा बाजूला हो, झाडायचं आहे. सत्त्याहत्तर वर्षांचा आवाज, फाटलेला, पण त्या 'बाजूला हो' वर त्यांनी झांज थांबवली आणि सगळं मंदिर थांबलं. मग उजवा हात वर गेला. अगदी तसाच.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोट बटणावर होतं. नंतर आरती सुरू झाली तेव्हा लोक उठले म्हणून मी उठलो, आणि कळ चढवलेली तशीच आहे, बटण दाबलंच गेलं नाही, हे बघितलं. पाती कोरडी ठणठणीत होती. चिकटलं होतं ते माझं बोट.

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं. चार दिवस मी जे बोललो होतो त्यातलं काहीही ते मला परत देऊ शकत होते, आणि मी तयारही होतो. ते एवढंच म्हणाले, "मीही विसरलो गा, तुम्हाले कोपर मारायचं."

लोक पाया पडून गेल्यावर तुळसाबाई आमच्यापाशी आल्या. भावाचे डोळे पुसायचे राहिले होते.

"काहून रे मन्या, फोटो नाही निघाला?"

मी म्हणालो, की कॅमेरा नीट आहे, मी ऐकत बसलो. पुन्हा एकदा तिथे उभ्या राहा, हात वर करा, अशी विनंती केली. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मी काय नाटक करून राहिली? झालं ते झालं." मग हात पुढे केला. "आण इकडे. कुठं दाबायचं?"

आम्हा दोघांना त्यांनी आपल्या जागेवर, सुकलेल्या फुलांवर उभं केलं. हारातला एक पाकळीचा तुकडा मनोहररावांच्या टोपीवर पडला होता. शटर एकदाच वाजलं, स्वच्छ, कोरडं. त्या आवाजावर मी आयुष्यभर पोट भरलं, पण त्या दिवशी तो मला चापटीसारखा लागला.

रीळ मी स्वतः धुतलं. फोटोत आम्ही दोघं गळ्यापासून खाली आलो आहोत. धोतर, पँट, चार हात, जमिनीवरची फुलं. मनोहररावांचे हात जोडलेले आहेत. माझे कमरेवर आहेत. तुळसाबाईंनी फोटो पाहून कॅमेरा अगदी खरा चालतो असा निर्वाळा दिला आणि भिंतीवर अडुसष्टच्या फोटोखाली खिळा ठोकायला सांगितला.

यंदाच्या खंडेनवमीला मी सकाळीच महालात जाऊन बसलो. मनोहररावांनी शिलाई मशीनला तेल घातलं, अडकित्त्याला लावलं आणि कॅमेऱ्यापाशी येऊन माझ्याकडे पाहिलं. मी बाटली त्यांच्या हातातून घेऊन खिशात टाकली. त्यांनी कॅमेऱ्यापुढे, वीतभर लांब, एक झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला. मग मीही केला.