मी निरंक नव्हते

मी तक्रारपेटी बोलतेय. पत्र्याची, करड्या रंगाची, हातभर उंच. अंगावर दोन मोठे पोचे आहेत. ते ठोकून सरळ करायला कुणी आलंच तर मी साफ नको म्हणेन. ते पडले कसे, तेच मला सांगायचंय. आजवर माझ्याबद्दल इतरांनी लिहिलं, आणि खोटं लिहिलं. आता मी बोलणार.

माझा जन्म १९९४ साली इंदापुरात दत्तोबांच्या दुकानात झाला. दत्तोबा पत्र्याच्या बादल्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या करायचे. माझं काम सांगायला एक शिपाई आला होता.

"फट केवढी ठिवू?" दत्तोबांनी विचारलं.

"घडीचा कागद आत गेला म्हंजी झालं."

"आन् किल्ल्या किती?"

"एकच. अधीक्षक साहेबांची."

"तक्रार कुणाची करायची हाय?"

शिपायानं जरा विचार केला. "साहेबांचीच की," तो म्हणाला.

दत्तोबा हसले, मान हलवली आणि पत्र्यावर कात्री चालवली. माझ्या जन्मातच ही गंमत होती. पुढं पुष्कळांना ती दिसली, पण हसून सोडून द्यायचीच सगळ्यांना सवय.

वरकुट्याच्या पलीकडच्या एका माळावर मतिमंदांचं निवासी केंद्र होतं. आठ वर्षांच्या पोरापासून पंचेचाळिशीच्या माणसापर्यंत चाळीस जण तिथं राहायचे. प्रत्येक केंद्रात तक्रारपेटी हवी, असं वरून पत्र आलं होतं, म्हणून मला आणलं. अधीक्षकांच्या खोलीच्या दाराशेजारी, उंच माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवरच्या खिळ्यावर मी लटकले. चाळीसातल्या दोघांना आपलं नाव लिहिता यायचं, बाकीच्यांना तेवढंही नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलं : 'आपली तक्रार लेखी स्वरूपात टाकावी.'

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अधीक्षक मला उघडायचे, आत डोकवायचे आणि रजिस्टरात लिहायचे, 'तक्रारी : निरंक.' निरंक म्हणजे काहीच नाही. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे. ते येणार म्हणून आठ दिवस आधी पत्र यायचं. मग कपाटातले नवे कपडे निघायचे, फिनेल पडायचं, शिरा व्हायचा. साहेब रजिस्टर उघडायचे. बारा महिने, बारा निरंक. "छान चाललंय," म्हणून सही करायचे. जीपची धूळ खाली बसायच्या आत अंगावरचे नवे कपडे पुन्हा कपाटात जायचे. मी खिळ्यावर चडफडत राहायचे.

पंच्याण्णवच्या जूनमध्ये सारजा आली. बावीस वर्षांची, लासुर्ण्याची. तिच्या वडिलांची, आबाजींची, पूर्वी मेंढरं होती. ती गेली, आता थोडा ऊस आणि बाकी दुसऱ्याच्या रानात काम. आई साखरबाईही रानातच. घरी एकटी राहिलेली सारजा दोनदा कालव्यात पडता पडता वाचली, तेव्हा कुणीतरी या केंद्राचं नाव सांगितलं. तिला सोडून जाताना साखरबाई फाटकापर्यंत चारदा मागं फिरली.

सारजा चारच शब्द बोलायची. आये, दे, न्हाय आणि बघ. उरलेलं सगळं ती हातांनी सांगायची, आणि तिचे हात फार स्वच्छ बोलायचे. पण हातांकडं बघायचं असतं, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. एक स्वयंपाकीण गोजरबाई सोडली तर.

त्या वर्षी तपासणीच्या दिवशी अधीक्षकांनी साहेबांना दाखवायला एक कोरा कागद घडी करून माझ्यात टाकला. "मुलं अशी तक्रार टाकतात." सारजा खांबाशी उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं बादली पालथी घातली, वर चढली आणि माझ्या फटीतून भाकरीचा तुकडा आत सरकवला. पिठातल्या किड्यांसकट थापलेली भाकरी होती ती. कडेला दोन सोंडे चिकटलेले.

माझ्या पोटात पडलेली ती पहिली खरी तक्रार. मला काय वाटलं ते कसं सांगू? दीड वर्ष मी रिकामी होते.

महिनाअखेरीला अधीक्षक ओरडले, "उंदीर शिरला का यात?"

गोजरबाई पुढं आली. "उंदीर न्हाय साहेब. सारजानं टाकलीया. पिठात किडं झाल्यात, मी कवाचं सांगतीय."

"तक्रार लिहिलेली असते, गोजरबाई. ही भाकरी आहे." त्यांनी तुकडा बाहेर फेकला आणि लिहिलं, निरंक.

पण सारजाला वाट सापडली होती. दर थोड्या दिवसांनी ती काहीतरी आणायची. ओढून तोडलेलं शर्टाचं बटण. केसांचा पुंजका. मग दोरीचे तुकडे. दोरी भिमाच्या पायाची होती. भिमा चाळिशीचा, खूप उंच, मनानं मऊ. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की त्याच्यामागं धावत सुटायचा, म्हणून दिवसभर त्याला मागच्या शेडमध्ये खांबाला बांधून ठेवायचे. सारजा त्याची गाठ सोडायची. मग तिलाही बांधायचे. सुटली की दोरीचा तुकडा माझ्यात.

महिनाअखेरीला अधीक्षक ते फेकून द्यायचे आणि निरंक लिहायचे, पण त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी दोरी बंद केली नाही, माझा खिळा हातभर वर नेला. सारजानं बादलीवर स्टूल ठेवलं. ती पडली. मनगट मोडलं. साखरबाईला निरोप गेला, 'न्हाणीत घसरली.'

हाताला प्लॅस्टर आलं तरी ती थांबली नाही. सुटल्यावर ती भिमाला माझ्याखाली आणायची, वस्तू त्याच्या हातात द्यायची, वर बोट करायची, "बघ." भिमा नुसता हात वर करायचा आणि वस्तू आत यायची. माझा खिळा कितीही वर न्या, भिमाचा हात पोचायचा!

गोजरबाईनं शेवटी नोकरीची पर्वा सोडली. लासुर्ण्याला जाऊन तिनं साखरबाईला सगळं सांगितलं. भेटीचा वार रविवार. साखरबाई गुरुवारीच आली.

"तक्रार असती तर पेटीत आली असती," अधीक्षक म्हणाले. "बघा, वर्षभर निरंक."

"तिला लिवता येत न्हाय."

"त्याला मी काय करणार?"

"लिवता मलाबी येत न्हाय. म्हंजी माझीबी काय तक्रार न्हाय, व्हय?"

अधीक्षकांनी रजिस्टर मिटलं.

"पेटी उघडा."

"महिनाअखेरीला उघडते."

"किल्ली कुणापाशी हाय?"

"माझ्याकडे."

"ज्याच्या नावानं बोंब मारायची त्याच्याच खिशात किल्ली?" साखरबाई स्टुलावर चढली आणि तिनं मला खिळ्यासकट उपटलं. अधीक्षकांनी दुसरीकडून धरलं. ओढाताणीत मी फरशीवर आपटले. पहिला पोचा तो.

"ही सरकारी वस्तू आहे! चोरीचा गुन्हा होईल!"

"सरकारची हाय नव्हं? मग सरकारलाच निऊन देती."

फाटकात शिपाई आडवा हात लावून उभा होता. सारजा पुढं झाली, त्याच्याकडं बघून "न्हाय" म्हणाली आणि चांगल्या हातानं त्याचा हात बाजूला केला. त्यानं तो बाजूला होऊ दिला.

बारामतीच्या एसटीत मी साखरबाईच्या मांडीवर होते. माणसं बघत होती. साखरबाई कुणाकडं बघत नव्हती.

मोठ्या कचेरीत कारकून म्हणाला, "लेखी अर्ज आणा."

"ह्योच अर्ज हाय," असं म्हणून तिनं मला टेबलावर ठेवलं. त्यानं खाली ठेवलं. तिनं परत वर ठेवलं. असं तीन वेळा झालं. मग ती दारातच बसली, शेजारी सारजा. चारच्या सुमाराला नव्यानं बदलून आलेल्या अधिकारी बाई बाहेर आल्या आणि या दोघींना ओलांडून जाता येईना, म्हणून थांबल्या.

"कुलूप तोडा," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. शिपायानं आवारातला दगड आणला. पहिला घाव चुकला आणि माझ्या अंगावर बसला. हा दुसरा पोचा. दुसऱ्या घावाला कुलूप तुटलं.

टेबलावर त्या महिन्यातल्या वस्तू पडल्या. दोरीचे सात तुकडे, तीन बटणं, केस, भाकरीचा आणखी एक वाळलेला तुकडा.

कारकून म्हणाला, "बाई, यात तक्रार कुठंय? हा कचरा आहे."

बाईही घोटाळल्या होत्या. तेवढ्यात सारजा उठली. तिनं दोरीचा सर्वांत लांब तुकडा उचलला, जमिनीवर बसली, एक टोक टेबलाच्या पायाला अडकवलं, दुसरं आपल्या घोट्याला. तिथं काळा वण होता, दोरी बरोबर त्याच्यावर बसली. मग तिनं हात डोक्याच्या वर, खूप वर नेला. भिमा. मग खिडकीतल्या उन्हाकडं बोट करून ते हळूहळू डोक्यावरून पार पलीकडं नेलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मग केसांचा पुंजका आपल्या डोक्याला लावून हिसका दिला.

कारकून टेबलावरून वाकून बघू लागला.

"बघ," सारजा म्हणाली.

अधिकारी बाईंनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसल्या आणि कारकुनाला म्हणाल्या, "कागद घ्या. ती सांगतेय ते लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या न कळवता केंद्रावर गेल्या. भिमा खांबालाच होता.

पुढं सगळं झटपट झालं असं समजू नका. चौकशी चौदा महिने चालली. अधीक्षक गेले. पण दरवर्षी शिरा खाऊन सही करणाऱ्या साहेबांना काहीही झालं नाही, त्यांची फक्त बदली झाली. हे मी मुद्दाम सांगते, कारण रजिस्टरात ते कुणी लिहिणार नाही.

साखरबाईनं मात्र सोडलं नाही. अपंगांसाठी नवा कायदा आला आहे, एवढं तिच्या कानावर आलं होतं. वरकुटं, सुपं, लासुर्णं असं गावोगाव फिरून तिनं सात-आठ आईबाप गोळा केले. मागण्या तीनच. किल्ली केंद्राबाहेर. तपासणी न सांगता. आणि देखरेख समितीवर आत राहणारी माणसं.

तिसऱ्या मागणीला पुण्यातले एक साहेब हसले. "मतिमंद व्यक्ती समितीवर? नियमात बसत नाही."

"मंग नियम जरा सरकवा," साखरबाई म्हणाली. "खुर्ची आमी आनू."

अठ्ठ्याण्णव साली आदेश निघाला, तोही फक्त आमच्या केंद्रापुरता. दोन पालक, त्यांतली एक साखरबाई, एक डॉक्टर, आणि आत राहणारे दोघं. सारजा आणि भिमा. पेटीत पडलेली कुठलीही वस्तू तक्रार धरायची आणि ती टाकणाऱ्याला समोर बसवून विचारायचं. मला परत दत्तोबांकडं नेलं. त्यांनी फट हाताचा पंजा जाईल एवढी मोठी केली आणि दोन कुलपं लावली. ती उघडायला दोन पालकांच्या घरच्या दोन किल्ल्या लागतात. आता मी कमरेच्या उंचीवर आहे. सर्वांत लहान पोराचाही हात पोचतो.

चौकशी चालू असताना सारजा लासुर्ण्याला घरी होती, तिला तिथंच राहता आलं असतं. नवा अधीक्षक आल्यावर तिनंच माळाकडं बोट केलं, मग हात डोक्याच्या वर नेला. भिमा तिथं होता, म्हणून ती गेली.

तपासणीला येणाऱ्या साहेबांनो, तुमच्या वाटेवर माझ्यासारख्या कितीतरी पेट्या उंच खिळ्यांवर लटकतायत. त्यांच्यावर निरंक लिहिण्याआधी एकदा तरी खाली वाकून विचारा, तिथवर हात कुणाचा पोचतो? आणि कुणाचा हात काही सांगू लागला, तर घड्याळ बघू नका. बसा.

तुमच्यापाशी हात जोडायला मी बोलत नाही. गेल्या महिन्यातली गोष्ट ऐका, म्हणजे पेटीपर्यंत हात पोचला की काय होतं ते कळेल.

समितीची बैठक होती. साखरबाई सकाळपासून आपली पानाची चंची शोधत होती. एसटीत राहिली म्हणून कंडक्टरच्या नावानं खडे फोडत होती. मला उघडलं, तर पहिलीच वस्तू निघाली ती चंची.

"कुनी टाकली ही?" साखरबाई ओरडली.

सारजानं हात वर केला.

डॉक्टर हसू लागले. "चुकून पडली असेल."

"न्हाय," सारजा म्हणाली. तिनं आईकडं बोट केलं, मग पाची बोटं जुळवून तोंडापुढं भराभर उघडमीट केली. मग स्वतःच्या ओठांवर तळवा ठेवला. सगळ्यांना कळलं. वर्षभर प्रत्येक बैठकीत साखरबाईच बोलत होती. सारजासाठी, भिमासाठी, सगळ्यांसाठी. सारजाचा हात उठायच्या आत ती म्हणायची, "तिला असं म्हनायचं हाय..."

साखरबाई लालबुंद झाली. "तुज्यासाठी मी एवढं केलं, आन् तू माज्याच नावानं?"

सारजा तिच्याकडं बघत राहिली. नजर खाली घेतली नाही.

मग साखरबाईनं पदर नीट केला आणि रजिस्टर डॉक्टरांकडं सरकवलं.

"लिवा. साखरबाई आबाजी हिच्या नावानं तक्रार. ती दुसऱ्याला बोलू देत न्हाय. आन् हसू नका, नीट लिवा."

त्या दिवशी उरलेली बैठक सारजा बोलली. हातांनी, सावकाश, दीड तास. साखरबाई तोंडावर पदर धरून बसली होती.