बासष्ट वाणांची वही

विमलबाईला लिहितावाचता आलं ते पन्नाशी उलटल्यावर. म्हणूनच की काय, लिहून झाल्यावर जो माणूस ते परत वाचून बघत नाही, त्याचा तिला मनापासून तिटकारा होता. गावचे सरपंच बबनराव यांचा पुतण्या रविराज तसला माणूस होता. पुण्यात चार वर्षं कॉम्प्युटर शिकून तो गावी परतला होता आणि गावाला सुधारायच्या मागे लागला होता.

आसपासच्या अकरा गावांतल्या बायकांचं गावरान बियाणं विमलबाई सांभाळायची. जोंधळा, करडई, जवस, वाल धरून बासष्ट वाण. रीत अशी होती, की कुठलाही वाण एकाच घरी ठेवायचा नाही, तीन घरी ठेवायचा. एकाचं छप्पर गळलं तर दुसऱ्याचं उरावं. बी राखेत घोळून मडक्यात भरायचं, तोंड शेणमातीनं लिंपायचं आणि मडकं नेणारीला आत काय आहे ते सांगायचं नाही. सांगितलं की पाहुणे मागतात आणि नवरे दळून आणतात. घरोघरी नुसतं 'विमलबाईचं मडकं' असायचं. कोणतं बी कोणाकडे, हे एका वहीला ठाऊक होतं. वहीत एका ओळीत एक वाण आणि एकच घर. तीन घरं असतील तर तीन ओळी.

"काकू, इतकं लांबड कशाला?" रविराज वही चाळत हसला होता. "एका वाणासमोर तिन्ही घरं एकाच चौकटीत बसवतो. एका ओळीत काम खलास."

"तीन माणसं एका पाटावर बसतेत का रे?" विमलबाई म्हणाली.

"कॉम्प्युटरमध्ये बसतात, काकू."

आषाढात त्यानं आठ दिवस बसून सगळी वही वेबसाइटवर चढवली. दर वाणाला पडद्यावर हिरवी खूण उमटायची, 'साठवले'. विमलबाईनं बासष्टच्या बासष्ट खुणा मोजल्या आणि त्या हिरव्या रंगाला ती भुलली. साठवलेलं उघडून दाखव, असं तिनं म्हटलं नाही. पुढे स्वतःचा राग आला तो एवढ्याचसाठी.

बबनरावांना कार्यक्रमाशिवाय झोप लागत नसे. जुनी पोथी जीर्ण झाली की वाहत्या पाण्यात सोडतात, तशी वही कपिलधारच्या धबधब्यात सोडायची असं त्यांनी ठरवलं. दोन जीपगाड्या निघाल्या. वहीला हळदकुंकू लागलं, हार पडला. विमलबाईला साडी मिळाली. धबधब्याखाली वहीची पानं सुटत गेली, रविराजनं फोटो काढले आणि बबनराव म्हणाले, "आजपासून आपलं गाव कागदमुक्त!"

भादवा सरता सरता पाऊस उघडला आणि रानाला वाफसा आला. चार दिवसांत पेरलं तर पेरलं. विमलबाईला झिपरी जोंधळा हवा होता. हा जोंधळा नुसत्या दवावर यायचा आणि दुसऱ्या कुणाकडे तो उरला नव्हता. मडक्यात त्याचं तिसरं वर्ष होतं. यंदा पेरला नाही तर पुढच्या साली ते बी म्हणजे मातीच.

ती रविराजकडे गेली. त्यानं ऐटीत वेबसाइट उघडली, झिपरीवर बोट ठेवलं आणि त्याचं बोट तिथंच राहिलं. तीन घरांच्या जागी इंग्रजीत पाच अक्षरं होती. त्यानं करडई उघडली. तीच पाच अक्षरं. वालालाही तीच.

"काय लिवलंय?"

"अ‍ॅरे."

"आन् त्याच्याखाली?"

"त्याच्याखालीपण अ‍ॅरेच."

"बासष्ट वाणांला एकच घर?" विमलबाईनं विचारलं. "कुठं ऱ्हातो हा अ‍ॅरे?"

"टेक्निकल इश्यू आहे, काकू. डेटा आहे, फक्त दिसत नाहीये."

"माझी वही बी हायच की मग. फकस्त पाण्यात हाय."

मडकी वाटायला दोन वर्षांपूर्वी चार बायका चार वाटांनी गेल्या होत्या. विमलबाईनं आठवून आठवून दोन घरं धरली आणि मडकी फोडली. एकातून करडई निघाली, दुसऱ्यातून वाल. दोन्हींचं लिंपण गेलं, आता त्यांना कीड लागणार. एकशे शहाऐंशी मडकी फोडायची म्हणजे एका बियाण्यापायी सगळी घालवायची.

वाफशाचे दोन दिवस उरले तेव्हा ती रविराजला पुढे घालून घाटनांदूरला मुबश्शिराकडे गेली. मुबश्शिरा रईस मिस्तरीची लेक. बापाच्या गॅरेजशेजारी तिचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं आणि दुकानदारांच्या वेबसाइटी ती स्वतः बांधून द्यायची. तिनं रविराजकडून पासवर्ड घेतला आणि त्याचा कोड वाचला. वाचता वाचता तिनं ओढणी तोंडाला लावली.

"हसायला काय झालं?" रविराज म्हणाला.

"काही न्हाई, भाईजान. मावशी, घरांची यादी शाबूत हाय. वाणांची बी हाय. कोणतं कोणाकडं, तेवढंच गेलं. तीन घरं यांनी एका खणात कोंबली, आन् त्या खणात एकच चीज मावते. मशीननं बघितलं, ही तर यादी हाय. मग त्यानं 'अ‍ॅरे', म्हंजे 'यादी', एवढाच शब्द लिवला आन् आतला माल टाकून दिला."

विमलबाईनं जरा विचार केला. "म्हंजे पोतं ओतून दिलं, आन् वर लिवून ठिवलं 'पोतं'."

"बरोब्बर."

"आन् ह्ये बासष्टदा केलं. एकदा बी उघडून बघितलं न्हाई. कावून रे?"

रविराजनं गॅरेजमधल्या टायरांकडे पाहिलं.

मुबश्शिरा मात्र अजून कोडच वाचत होती. "या अल्ला, हे तर आणखीन भारी! मावशी, यांनी फॉर्म असा केलाय की भरलेलं सगळं वेबसाइटच्या पत्त्याला चिकटून उघड्यावर जातं. जाणता माणूस असं करत न्हाई. पण वेबसाइट जिथं ठिवली हाय तिथं आलेला दर पत्ता उतरून ठिवतेत. दारात बसलेल्या म्हातारीवानी. कोण आलं, हातात काय होतं, सगळं तिच्या ध्यानात."

"आन् म्हातारी कवापस्तोर ध्यानात ठिवती?"

"नव्वद दिवस. आज एक्याऐंशी झालेत."

तासाभरानं पडद्यावर एकाखाली एक ओळी उतरल्या. वाण तेवीस, म्हणजे झिपरी, घर नऊ, घर एकाहत्तर, घर एकशे चाळीस. रविराज पुढे झुकला आणि म्हणाला, "बघा, मी फॉर्म तसा केला म्हणून सापडलं."

"व्हय," विमलबाई म्हणाली. "कुलूप लावायला इसरलास म्हणून घरच्याला आत जाता आलं. हार घालू का तुला?"

मुबश्शिरानं वाणांची आणि घरांची यादी तशीच ठेवली आणि त्या दोन याद्यांच्या मधे तिसरी यादी बांधली. एका ओळीत एक वाण, एक घर. विमलबाईनं चष्मा पुसून ती वाचली.

"ही तर माझीच वही."

"अशीच करतेत, मावशी. आमच्या पुस्तकात हेच हाय."

विमलबाईनं एकशे शहाऐंशी ओळी तिथंच बसून वाचल्या. हिरव्या खुणेकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

नऊ नंबरचं घर धोंडीरामचं. त्याच्या मडक्यात पाणी उतरलं होतं आणि जोंधळ्याला बुरशी धरली होती. एकाहत्तर नंबरच्या घरी उंदरांनी लिंपण कुरतडलं होतं, तळाला नुसती राख. राहिलं एकशे चाळीस. ते घर बबनरावांचं होतं.

दुपारी ती मागच्या दारानं गेली. ओसरीवर बबनराव चार माणसांना कागदमुक्त गावाची हकिकत सांगत होते. चुलीजवळ त्यांची बायको मालनबाई होती. विमलबाईनं काही मागायच्या आधीच तिनं उतरंडीतलं खालचं मडकं काढलं. लिंपणाला केसाएवढीही चीर नव्हती.

"दोन साल झाले," मालनबाई हळूच म्हणाली, "ह्यांला म्हाईत न्हाई. कळलं असतं तर ह्याचा बी कार्यक्रम झाला असता."

विमलबाईनं लिंपण फोडलं, राख फुंकली आणि चार दाणे दाताखाली धरले. कडक होते. मडकं पदराखाली घेऊन ती ओसरीवरूनच बाहेर पडली, कारण तिचं रान त्या बाजूला होतं.

"काय विमलबाई!" बबनरावांनी हाक दिली. "सापडलं म्हणं बियाणं! बघा, शेवटी कॉम्प्युटरच कामाला आला. कुणाच्या घरी निघालं? त्याचा सत्कार ठिवू."

मागे दारात मालनबाई उभी होती. विमलबाईनं पदर सारखा केला.

"लिवलेलं हाय," ती म्हणाली. "एका ओळीत एकच घर हाय. तुमच्या पुतण्याला म्हणाव, ह्यावेळी वाचून बघ."

आणि वाफसा जायच्या आत ती रानाच्या वाटेला लागली.