दुपट्यावरून ऐकलेली छाती

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायचं असेल तर आढ्याला टांगलेल्या त्या वजनकाट्याला विचारा. त्याच्या झोळीत बसून पोरं खिदळतात.

रबराची नळी, पोलादी चकती, कानात घालायची दोन टोकं, एवढाच माझा जन्म. दिएंगच्या पठारावर, बटाट्याच्या शेतांमधल्या आरोग्य केंद्रात आलो आणि मुर्तिना सिस्टरच्या गळ्यात पडलो.

मुर्तिना सिस्टर तोंडाच्या फटकळ. पण मूल आईच्या मांडीवर असतानाच, हात न लावता, आधी नुसतं बघायच्या. नाकपुड्या फुलतात का, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का. मग मला तळहातावर ऊब द्यायच्या आणि ते शांत आहे तोवर छाती ऐकायच्या. कान आणि घसा शेवटी, कारण तिथे मूल भोकाड पसरतंच. हे सगळं उघड्या अंगावर. आज्या चिडायच्या. आमच्याकडे तान्ह्याला पोटपट्टा आवळून वर दुपट्यात घट्ट गुंडाळतात. सोडलं की अंगात वारं शिरतं म्हणे.

"शिरलं तर मी काढते," सिस्टर म्हणायच्या. "आधी गाठ सोडा."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. मी पालुपी सिस्टरकडे आलो. बोलणं मऊ, मोठ्यांपुढे ब्र काढायच्या नाहीत. थोरांचं मन मोडायचं नाही ही इथली रीत, आणि त्या रीतीत त्या पुरत्या मुरलेल्या.

"सिस्टर असावी तर अशी! पोर रडलंसुद्धा नाही," बायका म्हणायच्या.

रडेल कशाला? मला कापडावरूनच टेकवत होत्या. मी आपला कापडाची खसखस ऐकत बसायचो.

एका सकाळी सार्मी तिच्या दानूला घेऊन आली. दानू खोकत होता, दूध ओढत नव्हता. सोबत सासू, कासियेम आजी.

"सिस्टर, जरा सोडून बघता का?" सार्मी म्हणाली. "श्वास घेताना याची छाती आत जातेय."

"सोडायचं काय? बाहेर धुकं बघ!" आजी कडाडल्या. "कांद्याचा रस नि खोबरेल चोळून आत्ता बांधलंय मी. वारं शिरलं तर तू निस्तरशील? कालची पोर, मला शिकवते!"

पालुपी सिस्टरचा हात गाठीपर्यंत गेला. मी मनातल्या मनात ओरडलो, सोडा! हात मागे आला.

"राहू द्या आजी. वरूनच ऐकते."

पोटपट्टा, झबलं, दुपटं आणि त्यावर मी.

"छाती साफ वाटतेय," त्या म्हणाल्या. ऐकू काहीच आलं नव्हतं, त्यालाच त्या साफ म्हणाल्या. सार्मीने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या वाटेवरच दानू गेला. न्यूमोनिया होता.

घरी प्रार्थना झाली, शेजाऱ्यांना भात वाटला. आजी म्हणाल्या, देवाची मर्जी. गाव म्हणालं, पालुपी सिस्टर किती चांगल्या, भेटायला आल्या. कोणी कोणाला दोष दिला नाही. मन मोडेल ना! मला त्या चांगुलपणाचा संताप येतो, मित्रांनो. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण इथे तिने लेकरू नेलं.

पुढच्या वजनाच्या दिवशी सार्मी पुन्हा आली. खांद्यावर दानूला बांधून आणायची ती झोळी, रिकामी. टेबलावर दुसरं कोणाचं बाळ होतं, धापा टाकत.

"सोडू नका हो, वारं शिरेल," त्याची आजी म्हणाली. पालुपी सिस्टर थांबल्या. पुन्हा!

"सरका आजी." सार्मी पुढे झाली आणि गाठ सोडायला लागली. "माझा दानू बांधलेलाच पुरला आम्ही. एक झुळूक शिरू दिली नाही."

पालुपी सिस्टरने मला तळहातात धरून ऊब दिली, पहिल्यांदाच. छाती उघडी पडली आणि बाळ भोकाड पसरून रडलं.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझी नळी उन्हात टाकू नका. पण त्याआधी एक करा. मला टेकवण्यापूर्वी कापड काढा. मोठं माणूस रागावलं, तर रागावू द्या.