पाटावरचं ताट

बोटीवरची नोकरी संपवून दाभोळला घरी आलेल्या भागोजीला चिपळूणच्या डॉक्टरांनी सांगितलं, की अंगातलं इन्सुलिन दारावर थापा मारतंय आणि आतून कुणी कडी काढत नाही. जितक्या वेळा खाल, तितक्या वेळा थापा. तेव्हा भात बंद, पेज बंद, गोड बंद. जेवायचं दोनदाच, दुपारी आणि दिवेलागणीच्या आधी.

भागोजीने जन्मभर कप्तानाचा हुकूम पाळलेला. त्याने घरातली साखर, गूळ, पोहे शेजारच्या गंगुबाईकडे पोचते केले. मासळी, अंडी आणि पालेभाजीवर त्याचं पोट आत गेलं, रिपोर्टातली साखर उतरली. जेटीवर तो पट्ट्याचं नवं भोक दाखवत फिरला.

घरातला जेवणाचा क्रम मात्र जुनाच होता. आधी देव, मग भागोजी, मग मांजर, मग त्याची बायको चिमा. तो बोटीवर असायचा तेव्हा ती त्याच्या पाटासमोर ताट मांडायची, त्यात घासभर वाढायची आणि मगच जेवायची. आता तो घरीच होता आणि दुपारपर्यंत जेवत नव्हता. चिमालाही साखरेचा आजार, तिची गोळी कित्येक वर्षांची. ती सकाळी गोळी घ्यायची आणि थांबायची.

एका सकाळी मागीलदारी बांगडे साफ करताना तिला दरदरून घाम फुटला. ती भिंतीला टेकली. मांजराने बांगडा उचलला, तरी ती त्याला काही बोलली नाही. म्हणून भागोजी धावत आला.

घरात साखरेचा कण नव्हता. त्याने आपली बोटीवरची पेटी उघडली, स्वेटरच्या घडीतून गुळाचा खडा काढला आणि तिच्या तोंडात घातला. तो तिथे कसा आला, हे तिने बरं वाटल्यावरही विचारलं नाही.

डॉक्टर तिच्यावर रागावले. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर एखाद्या दिवशी उठणार नाही, म्हणाले. तिने मान डोलावली. दुसऱ्या सकाळी अंडं आणि नाचणीची भाकरी तयार ठेवून ती दुपारची वाट बघत बसली.

मीही खातो, असं भागोजी म्हणाला. तिने नको म्हटलं. त्याची उतरलेली साखर तिला परत चढू द्यायची नव्हती. तो चिडला, मग गयावया करायला लागला.

“पडशील गो परत.”

“तुमच्याआधी हात जात नाय ओ माझा.”

भागोजी उठला, आपला पाट मांडला, त्यासमोर ताट ठेवलं आणि ताटात भाकरीचा घासभर तुकडा ठेवला.

“समज, मी बोटीवर आहे.”

चिमाने ताटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“बोटीवर आहात, तर इथं काय करताय?”

तो अंगणात गेला आणि खाडीकडे तोंड करून उभा राहिला. आत भांडं वाजलं. थोड्या वेळाने त्याने न वळता विचारलं, भाकरी नीट भाजलीय ना.

आतून उत्तर आलं नाही. इतक्या लांब ऐकू जात नाही, हे तिला ठाऊक होतं.